साधनाच्या शाळेचा वळसा

२२ मार्च २०२२, मंगळवार

मी सोमेश्वर अमृतराव पतंगे, वय चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, आखाडा बाळापूर येथील एका खाजगी हळद-गोदामाचा व्यवस्थापक, राहणार कळमनुरी. ही दैनंदिनी आजपासून लिहिण्याचा हेतू एकच आहे. पेट्रोलचे भाव चढत असताना माणसाने गाडी चालवण्याच्या सवयी बदलल्या, तर इंधन कितपत वाचते याची विश्वसनीय नोंद ठेवणे. घरगुती बाबींना येथे स्थान राहणार नाही.

चार महिने स्थिर असलेला भाव आज सकाळी ऐंशी पैशांनी वाढला. पंपावर सर्वांचे मत असे पडले की ही केवळ सुरुवात आहे. मलाही ते पटते.

माझी गाडी अकरा वर्षांची आहे. तिला माझ्याशिवाय कोणाचाही हात लागलेला नाही आणि तिची प्रकृती त्यामुळेच उत्तम आहे. आजपासून एसी बंद. वेग पन्नासच्या वर नाही. चाकांतील हवा दर सोमवारी तपासणे. गाडीतील अनावश्यक वजन आजच काढून टाकले: दोन छत्र्या, घडीची खुर्ची, जुनी सतरंजी आणि साधनाची वाकळीची बैठक. साधना ही माझी पत्नी. तिची उंची कमी आहे. समोरचा रस्ता दिसावा म्हणून जुन्या लुगड्यांची जाड बैठक शिवून ती डावीकडच्या सीटवर घालून बसते.

बैठक हातात घेऊन ती म्हणाली, "हिचं कितीक वजन भरलं?"

मी सांगितले की प्रश्न वजनाचा नसून शिस्तीचा आहे.

२६ मार्च, शनिवार

भाव रोज चढत आहेत. आज एका मोठ्या बाबीचा निर्णय घेतला.

साधना जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिची शाळा बाळापूरच्या पुढे चार किलोमीटरवर, माझे गोदाम बाळापूरच्या अलीकडे. सकाळी तिला शाळेत सोडायचे, मागे वळून गोदामात यायचे, आणि परतताना पुन्हा तेच. हा वळसा मी वर्षानुवर्षे घेत आलो. रोजच्या एकूण अंतरात त्याचा वाटा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

रात्री जेवताना विषय काढला. ती म्हणाली, "मग मी कशी जाऊ? एसटी तर संपावर हाय."

मी म्हणालो, "तुझ्याच शाळेतील रतनसिंग ठाकूर कळमनुरीहून स्वतःच्या गाडीने जातात. तेथल्याच शिक्षिका सुनिताबाईही त्यांच्यासोबत असतात. तूही जात जा. पेट्रोल तिघांनी वाटून घ्यावे. हे सर्वांच्याच हिताचे आहे."

"तुमीच म्हणून राहिले ना?"

"मीच म्हणतो आहे."

"बरं मग. सोमवारपासून जाते."

ती थोडा विरोध करील अशी माझी अपेक्षा होती. त्यासाठी मी दोन मुद्दे तयार ठेवले होते. ते वापरावे लागले नाहीत.

२८ मार्च, सोमवार

पहिला दिवस. गाडीत पूर्ण शांतता होती. तशी ती साधना शेजारी असतानाही असे, कारण गाडी चालवताना बोललेले मला चालत नाही. इंजिनाचा आवाज ऐकावा लागतो. तरीही आजची शांतता निराळी वाटली. डावीकडच्या सीटवर मी डबा ठेवला होता. एका वळणावर तो घसरला, आणि मी सवयीने हात आडवा धरला.

इंधनाची बचत स्पष्ट दिसते.

१ एप्रिल, शुक्रवार

रतनसिंग ठाकूर यांच्याविषयी एक तांत्रिक नोंद करणे आवश्यक वाटते. वय पन्नासच्या आसपास, अंगाने भरलेले, आवाज मोठा. क्लचवर पाय ठेवूनच ते गाडी चालवतात. शंभर पावलांवर म्हैस दिसली तरी हॉर्न वाजवतात. ब्रेक असा मारतात की मागच्या माणसाची मान हलावी. गाडी जुनी, एक दार बाहेरून हात घालून उघडावे लागते. अशा माणसाच्या गाडीत बसणे धोक्याचे नसले तरी क्लेशदायक निश्चितच आहे.

साधनाला मात्र क्लेश झालेले दिसत नाहीत. संध्याकाळी कणीक मळताना ती सांगत होती, "ठाकूर सर म्हणतेत, माह्या गाडीला हॉर्न सोडून समदं वाजते." एवढे बोलून ती हसली. नंतर माझ्याकडे पाहून तिने कणकेवर पाणी शिंपडले.

हा विनोद जुना आहे, शिवाय त्यांचा हॉर्न वाजतो. मी तो महाविद्यालयात असताना ऐकला होता.

६ एप्रिल, बुधवार

भाव आज पुन्हा वाढला. शाळा सकाळची झाली आहे, त्यामुळे साधना साडेसहालाच निघते. रतनसिंग कोपऱ्यावरून तीन वेळा हॉर्न वाजवतो. वास्तविक एकदा पुरेसा आहे.

तिने नवे बूट घेतले. कापडी, सपाट तळव्याचे. एवढी वर्षे ती चपला घालून शाळेत गेली. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, "चपल सटकते."

चालताना सटकते की बसल्या बसल्या सटकते, हे तिने स्पष्ट केले नाही. गाडीत बसून जाणाऱ्या स्त्रीला बुटांची आवश्यकता का भासावी याचा विचार मी दुपारभर करीत होतो. उत्तर एकच निघते, आणि ते लिहिण्याइतका मी हलका झालेलो नाही.

११ एप्रिल, सोमवार

आज जे पाहिले ते जसेच्या तसे लिहितो.

दुपारी तलाठी कार्यालयात काम होते म्हणून लवकर परतलो. चौकातल्या चहाच्या टपरीसमोर रतनसिंगची गाडी उभी होती. साधना आणि सुनिताबाई तेथेच उतरून घरी गेल्या असाव्यात. तो एकटाच चहा पीत होता. मी शेजारून गेलो आणि सहज आत नजर गेली. चालकाच्या सीटवर वाकळीची बैठक होती. हिरव्या काठाची, कोपऱ्याला लाल दोऱ्याचे टाके. साधनाची.

म्हणजे माझ्या पत्नीने हाताने शिवलेल्या बैठकीवर हा मनुष्य बसून गाडी चालवतो. त्याची उंची सहा फुटांच्या घरात आहे. त्याला बैठकीची गरज काय?

त्याने मला पाहिले. "पतंगे साहेब, या ना, चहा घ्या. तुमी काहून एकटेच येऊन-जाऊन राहिले? आमच्या गाडीत एक जागा खाली हाय."

मी म्हणालो, "माझी गाडी आहे."

"गाडी तर हायेच हो. आमी सोबतीचं म्हणून राहिलो."

मी चहा घेतला नाही. घरी आल्यावर साधनाला विचारले, "तुझी वाकळीची बैठक कोठे आहे?"

"ठाकूर सरांच्या गाडीत."

"का?"

"तुमी काढून टाकली ना, साहेब. पडून व्हती. म्हणलं कामाला येईल."

ती मला रागात असली की साहेब म्हणते. आज रागात नव्हती. ते अधिक लागले.

१३ एप्रिल, बुधवार

रात्री अंथरुणावर पडल्यावर तिने आपण होऊन विचारले, "अहो, चढावर गाडी थांबली अन् मागं सरकाया लागली, तर काय करतेत?"

मी उठून बसलो. रतनसिंगची गाडी चढावर मागे येते, हे उघड झाले. मी तिला सविस्तर समजावले: हँडब्रेक ओढावा, क्लच हळू सोडावा, गाडीचे नाक किंचित उचलल्यासारखे वाटले की हँडब्रेक खाली घ्यावा. ती एकाग्रतेने ऐकत होती. मध्ये एकदा तिचा डावा पाय पांघरुणाखाली हलला.

"नाक उचलल्यावानी म्हंजे कसं?" तिने विचारले.

"ते कळते. पण ठाकूरांना ते कधीच कळणार नाही."

कित्येक दिवसांनी मला शांत झोप लागली.

१९ एप्रिल, मंगळवार

खाजा मिया गोदामात आले. वसमतचे हळदीचे जुने अडते, माझा त्यांचा वीस वर्षांचा घरोबा. माझ्या टेबलासमोर बसून त्यांनी टोपी काढली, वारा घेतला.

"साहेब, सकाळी तुमची गाडी पाहिली. मागून बैलगाडीवाला हाका मारून राहिला व्हता, सरका म्हणून."

"पन्नासच्या आत इंधन वाचते, मिया."

"बराबर. घरीच बसले तर आणखी वाचते." मग म्हणाले, "बाईसाहेब पण दिसल्या, नाक्यावर. मस्त चाललंय त्यांचं. आमची रहमतबी म्हणे, पाहा, पन्नाशीला आल्या पण डर नावाची चीज न्हाई."

रहमतबी म्हणजे त्यांची बेगम. साधनाला कसली भीती नाही, असे मी विचारले. खाजा मियांनी टोपी पुन्हा घातली, आणि चहा मागवायला सांगितला.

सर्व तालुक्याला काहीतरी ठाऊक आहे आणि मला नाही, अशी भावना झाली. हळदीच्या पोत्यांचे वजन दोनदा चुकले. माझ्या हाताखालच्या माणसाने ते दुरुस्त केले, आणि मी त्याच्यावर ओरडलो.

२१ एप्रिल, गुरुवार

हळदीचा हंगाम असल्याने गोदाम लवकर उघडणे इष्ट आहे. म्हणून आजपासून सव्वासहाला निघायचे ठरवले. निर्णयाचे दुसरे कोणतेही कारण नाही.

बाळापूरच्या आधी ओढ्याकडे जाणारा लांब उतार आहे. तेथे इंजिन बंद करून गाडी सोडून दिल्यास पुलापर्यंत थेंबही खर्च होत नाही. किल्ली पूर्ण मागे घेतली तर स्टेअरिंग अडकते, म्हणून ती एकच घर मागे घ्यायची. रतनसिंगसारख्याला हे जमणार नाही. मी आज प्रथमच केले.

इंजिन बंद झाल्यावर जग किती बोलके आहे हे कळते. चाकांखालची खरखर, बाभळीतील पक्षी, शेतातून उकडलेल्या हळदीचा वास. एसी बंद असल्याने काचा खाली होत्या. तेवढ्यात मागून एक गाडी आली आणि शेजारून पुढे गेली. तिच्यात एक स्त्री हसत होती. मोकळे, श्वास लागेपर्यंत.

तो आवाज ओळखायला मला पूल ओलांडावा लागला. साधना लग्नानंतर पहिल्या दोन-तीन वर्षांत तशी हसत असे. मला वाटत होते की वयाबरोबर ते हसणे संपले असावे. ते संपलेले नाही. ते माझ्या गाडीत नव्हते, एवढेच.

मी मान वळवून गाडीत पाहिले नाही. दुसऱ्याच्या गाडीत डोकावणे मला शोभत नाही.

२५ एप्रिल, सोमवार

उतारावर पुन्हा तेच. मी इंजिन बंद करतो, ते शेजारून जातात. आज ती गात होती. मला तिच्या गाण्याविषयी कल्पना नव्हती.

एसटी सुरू झाली आहे. संप मिटला. "आता एसटीने जाता येईल," असे मी सुचवून पाहिले. साधना म्हणाली, "आता काहून? नीट बसलंय की समदं."

२९ एप्रिल, शुक्रवार

काल लिहू शकलो नाही. कालचे आज लिहितो.

सकाळी उतारावर इंजिन बंद केले. मागून हॉर्न आला. एकदाच, आवश्यक तेवढाच. त्या हॉर्नने मी चमकलो, कारण रतनसिंग तसा हॉर्न वाजवत नाही. गाडी शेजारी आली आणि या वेळी मी मान वळवली.

रतनसिंग डावीकडच्या सीटवर बसून संत्री सोलत होता. सुनिताबाई मागे होत्या. स्टेअरिंगवर साधना होती. पाठ ताठ, दोन्ही हात जागच्या जागी, नजर रस्त्यावर. तिने माझ्याकडे पाहिले नाही. गाडी चालवताना तसे पाहूही नये. ती पुढे गेली, आणि मागच्या काचेवर शिकाऊ चालकाचे लाल अक्षर मला दिसले.

पुढचे वळण माझ्या लक्षात राहिले नाही. ब्रेक दाबला. इंजिन बंद असल्यावर ब्रेक पहिल्यांदा लागतो, पुन्हा दाबला की दगड होतो. हे मला माहीत आहे. मी पाय उचलून पुन्हा दाबला. स्टेअरिंगही जड झाले होते. रस्त्याच्या कडेला मुरमाचा ढीग टाकलेला होता. गाडी सरळ त्यात शिरली आणि थांबली. मला काही झाले नाही. बंपर तुटला.

पुढे गेलेली गाडी थांबली आणि मागे आली. सरळ रेषेत मागे आली, हे मला नमूद केले पाहिजे. साधना उतरली, बूट मुरमात रोवत आली.

"लागलं का कुठं?"

"नाही."

तिने आत वाकून किल्लीकडे पाहिले. "इंजिन काहून बंद हाय?"

मी तुटलेला बंपर पाहायला उतरलो.

रतनसिंग संत्र्याची फोड हातात घेऊन मागे उभा होता. "आमी समजलो तुमची गाडी बिघडली हाय, साहेब. रोज बंदच येऊन राहिली. म्हणलं साहेब मानी माणूस, इचारावं कसं?"

सुनिताबाई म्हणाल्या, "मी तर सोमवारपासून डिक्कीत दोरी आणून ठेवली व्हती. वढून न्यावं लागलं म्हणजे असावी."

तिघेही हसले नाहीत. हसले असते तर बरे झाले असते.

त्या दोरीनेच माझी गाडी मुरमातून मागे ओढून काढली. मग साधना म्हणाली, "बसा. बाळापूरला मिस्त्री हाय, त्याला धाडू." मी डावीकडे बसलो. रतनसिंग आपण होऊन मागे गेला. पूर्ण रस्ताभर माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. ती मला म्हणाली, "पाय दुखतील." बाकी काही नाही.

घरी संध्याकाळी मी विचारले, "मला का नाही सांगितलेस?"

"गाडी घेतली तव्हा इचारलं व्हतं, मी शिकू का म्हणून. तुमी म्हणाले, क्लच खराब होईल."

ते विधान यांत्रिकदृष्ट्या योग्य होते. मी विचारले, "मग ठाकूरांच्या गाडीचा क्लच खराब झाला नाही?"

"झाला की. पहिल्याच आठवड्यात. वास आला, धूर आला. मी रडायच्या घाईला आले. सर म्हणे, होऊ द्या, बाई. तो तसाबी जायचाच व्हता."

"आणि वाकळीची बैठक?"

"तिच्याबिगर मला रस्ता कुठं दिसते? ज्याची पाळी असंल त्यानं चालवायचं, असं ठरलं आमचं. मंगळवार, गुरुवार माहे. सुनिताबाईला भेव वाटते, तिचे दिस बी मीच घेते."

मी रात्रभर जागा होतो. येथे खरे लिहिण्याचे मी ठरवले आहे, म्हणून लिहितो. रतनसिंग ठाकूरच्या उंचीचा, आवाजाचा, गाडीचा मला हेवा वाटत नाही. माझ्या पत्नीविषयी मी जे मनात आणले त्याला काही आधार नव्हता, हेही मी मान्य करतो. हेवा वाटतो तो त्याच्या त्या दोन शब्दांचा. होऊ द्या. जळता क्लच समोर असताना ते त्याच्या तोंडून सहज निघाले. मी ते अंधारात पुटपुटून पाहिले. बरोबर येत नाहीत.

१६ मे, सोमवार

साधनाने हिंगोलीला परवान्याची परीक्षा दिली. शाळेला सुट्ट्या होत्या, मी रजा घेतली, आणि सोबत गेलो. म्हणजे रतनसिंग, सुनिताबाई आणि मी. बाहेर कडुलिंबाखाली उभा राहिलो. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची होती. गाडी तसूभरही मागे आली नाही.

रतनसिंग म्हणाला, "हे आमी न्हाई शिकवलं, साहेब. आमची तर मागंच येते. कुठून शिकल्या कोण जाणे."

मी सांगितले नाही. पण परतताना काच खाली करून बसलो.

२२ मे, रविवार

पेट्रोल लिटरमागे नऊ रुपयांहून अधिक उतरले. गाडीचा बंपर नवा बसवून झाला आहे. मी गाडी स्वतः धुतली. छत्र्या, घडीची खुर्ची, सतरंजी परत ठेवली.

"आता वळसा परवडतो," मी साधनाला म्हणालो. "शाळा उघडली की पूर्वीप्रमाणे माझ्यासोबत ये. वाटल्यास एक दिवस तू चालव."

"एक दिवस," ती म्हणाली. तांदूळ निवडत होती. "बघू."

एकच दिवस का म्हणालो हे मला कळत नाही. मनात दोन होते.

१४ जून, मंगळवार

उद्या शाळा उघडते. रात्री भांडी विसळताना ती म्हणाली, "उद्या माही पाळी हाय. मागं मधली जागा खाली हाय. यायचं तर या. गोदामाच्या दारात सोडते, वळसा पडत न्हाई."

"आणि माझी गाडी?"

"तिला एक दिस आराम द्या. शुक्रवारी तिची अन् तुमची पाळी लावली हाय सरांनी. इचारलं न्हाई म्हणून रागवू नका."

माझी गाडी तिघेजण चालवणार काय, असे विचारायचे होते. विचारले नाही.

१५ जून, बुधवार

आज मी मागे, मधल्या जागेवर बसून गोदामात गेलो. एका बाजूला सुनिताबाई, दुसऱ्या बाजूला वह्यांचा गठ्ठा. गुडघे वर आले होते. पुढे रतनसिंग. साधना वाकळीच्या बैठकीवर. निघाल्यापासून तिघेही बोलत होते, एका विद्यार्थ्याच्या शेळीविषयी, जी वर्गात येऊन बसते. ते हसले तेव्हा मी उशिरा हसलो. मला शेळीची पूर्वपीठिका माहीत नव्हती.

ओढ्याचा उतार आला. तिने इंजिन बंद केले नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या आधाराने गाडी खाली नेली. हे योग्य आहे. मुरमाचा ढीग अजून तेथेच आहे. कोणी त्याकडे बोट दाखवले नाही. रतनसिंगने नुसता हॉर्नला हात लावला, आणि साधनाने त्याच्या हातावर चापट मारली.

त्या चापटीने मला पूर्वीसारखेच झाले, हे नोंदवतो. छातीत गरम. ते लगेच जाईल असे वाटत नाही.

गोदामाच्या दारात ती म्हणाली, "पाचला इथंच उभे राहा. उशीर करू नका, सुनिताबाईच्या घरी पाव्हणे हायेत." मी उतरलो. दार बाहेरून उघडावे लागते, हे रतनसिंगने उतरून करून दिले.

आजच्या इंधनाची नोंद माझ्याकडे नाही. टाकी माझी नव्हती, आणि मी विचारायचे विसरलो.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो, कारण वाटेत ती मी बोललो नाही. चालकासमोरचा आतला आरसा चुकीचा लावलेला होता. नियमाप्रमाणे त्यात मागची काच आणि मागचा रस्ता दिसावयास हवा. तो थोडा खाली झुकवलेला होता. त्यात रस्ता दिसत नव्हता, मी दिसत होतो. तिने कळमनुरीपासून बाळापूरपर्यंत तीनदा तरी त्यात पाहिले. मला तो दोष निघाल्याबरोबर लक्षात आला होता. मनात म्हणालो, होऊ द्या, आणि तो तसाच राहू दिला.

सोमेश्वर अमृतराव पतंगे
कळमनुरी, जि. हिंगोली
१५ जून २०२२